डिझाइन थिंकिंग शाळेत आणायचंय? मग सूत्रं कुणाच्या हाती द्यायची ते आधी ठरवा

डिझाइन थिंकिंग म्हणजे ज्यांना अडचण भोगावी लागते त्यांच्याशी बोलून ती आधी नीट समजून घ्यायची आणि मग छोटे उपाय करून पाहत सुधारत न्यायचे. अशा रीतीनं शाळेच्या अडचणी शाळेनंच सोडवायच्या असं ठरलं, की मुख्याध्यापकांपुढे साधारण तीन वाटा असतात: आयडिओ या अमेरिकी डिझाइन कंपनीचं शिक्षकांसाठीचं टूलकिट, म्हणजे कृती-पुस्तिका, अहमदाबादचा ‘डिझाइन फॉर चेंज’ हा मुलांसाठीचा उपक्रम आणि आधीपासून असलेली शाळा व्यवस्थापन समिती. तिसरीला कुणी डिझाइन थिंकिंग म्हणत नाही. पण ठराव आणि खर्चाची मंजुरी तिथूनच मिळते, म्हणून तिला तुलनेत धरलंय.

आयडिओचं टूलकिट न्यूयॉर्कच्या रिव्हरडेल कंट्री स्कूलच्या साथीनं तयार झालं. ते फुकट मिळतं आणि शिक्षकांनी गटानं वापरायचं असतं. शोध घेणं, अर्थ लावणं, कल्पना सुचवणं, करून पाहणं आणि सुधारत नेणं असे त्याचे पाच टप्पे. खरी कमाई दुसऱ्या टप्प्यात आहे. समजा, तक्रार आहे ‘मुलं वाचत नाहीत’. मुलांशी आणि गुरुजींशी नीट बोललं की कळतं, पुस्तकांच्या कपाटाला कुलूप आहे, कारण पुस्तक फाटलं तर भरून कोण देणार ही धास्ती. म्हणजे अडचण वाचनाची नाहीच, जबाबदारीची आहे. मग वाचन-प्रेरणेच्या कार्यक्रमाऐवजी दोरीवर टांगलेली वीस पुस्तकं, नोंदवही सांभाळणारी पाचवीतली दोन मुलं आणि ‘फाटलं तर चिकटवू’ एवढा नियम, असं आठवडाभर करून पाहता येतं. रंगीत चिकटचिठ्ठ्यांवाचून काही अडत नाही, पाठकोरे कागद पुरतात. मात्र शिक्षकांकडे सलग वेळ हवा. दोनशिक्षकी शाळेत पूर्ण टूलकिट राबवणं मला तरी अवघड वाटतं.

‘डिझाइन फॉर चेंज’ 2009 साली किरण बीर सेठी यांनी सुरू केलं. त्या अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत शिकलेल्या, रिव्हरसाइड शाळेच्या संस्थापक. इथे सूत्रं मुलांकडे आणि टप्पे चारच: जाणवून घ्या, कल्पना करा, करा, सांगा. पहिल्या टप्प्याचा त्यांच्या शाळेतला नमुना बोलका आहे. बालमजुरीचा धडा नुसता वाचण्याऐवजी पाचवीच्या मुलांना आठ तास अगरबत्त्या वळायला बसवलं. पाठी दुखायला लागल्या, आणि मग तीच मुलं शहरात जाऊन लोकांना बालमजुरी बंद करा म्हणून पटवू लागली.

आपल्याकडे ही पद्धत घसरते ती शेवटच्या टप्प्यावर. फोटो, बॅनर, व्हॉट्सॲपवर टाकायचा व्हिडिओ यांतच सगळा जोर जातो आणि मुलांची ‘निवड’ हटकून वृक्षारोपण किंवा प्लास्टिकबंदीची प्रभातफेरी निघते. ती निवड बाईंची असते, हे मुलांनाही ठाऊक असतं. शिक्षकांना गप्प बसणं जमणार असेल, तरच या वाटेनं जा.

तिसरी वाट शाळा व्यवस्थापन समितीची. शिक्षण हक्क कायद्यानुसार या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या महिला असाव्या लागतात, शाळा विकास आराखडाही हीच समिती करते. म्हणजे ज्यांना अडचण भोगावी लागते तीच माणसं बैठकीला असायला हवीत. प्रत्यक्षात पुष्कळ ठिकाणी रजिस्टर सह्यांसाठी घरोघर फिरतं. दुपारी बाराला बैठक ठेवली तर मजुरी बुडवून कोण येणार? पण शौचालयाला पाणी, पडकी भिंत, फाटकासमोरचा भरधाव रस्ता यांवर मुलांचे तक्ते आणि शिक्षकांची चर्चा चालत नाही, ठराव करून ग्रामपंचायतीच्या मागेच लागावं लागतं. आणि नळ गळत असेल तर सरळ प्लंबर बोलवा, त्याला कुठलीच पद्धत नको.

छोट्या जिल्हा परिषद शाळेला मी सुरुवात मुलांच्या पद्धतीनं करायला सांगेन, तीही बिनपैशाच्या अडचणीवर: जेवणाच्या सुट्टीतली रांग, वाया जाणारी खिचडी, उशिरा येणारी मुलं. शहरातल्या, शिक्षक भरपूर असलेल्या शाळेनं टूलकिट घ्यावं. समितीची बैठक दोघांनीही संध्याकाळी ठेवावी, आणि मुलांनी शोधलेलं मुलांनाच तिथे मांडू द्यावं, आराखडा लिहून व्हायच्या आधी.