गाण्याआधीचे निरूपण : ‘स्प्रिंगस्टीन ऑन ब्रॉडवे’

अमेरिकी रॉक गायक ब्रूस स्प्रिंगस्टीन हे नाव बेळगावात ज्यांना ठाऊक आहे, त्यांच्यापैकी बहुतेकांना ते १९८४ सालच्या ‘बॉर्न इन द यू. एस. ए.’ या अल्बममुळे ठाऊक आहे. म्हणजे खणखणीत ड्रम, सॅक्सोफोन, गिटारींचा गजर आणि त्या सगळ्यावर मात करणारा एक घोगरा आवाज. १४ डिसेंबर २०१८ रोजी प्रसिद्ध झालेला ‘स्प्रिंगस्टीन ऑन ब्रॉडवे’ हा अल्बम त्या अपेक्षेने लावणारा श्रोता पहिल्या दहा मिनिटांतच बुचकळ्यात पडेल. येथे त्यांना एरवी साथ करणारा ई स्ट्रीट बँड नाही. न्यूयॉर्कमधील ब्रॉडवे या नाट्यगृहांच्या भागातल्या वॉल्टर कर थिएटरमध्ये, हजारापेक्षाही कमी आसनांच्या नाट्यगृहात, एक माणूस कधी गिटार घेऊन उभा राहतो, कधी पियानोवर बसतो, मधूनच हार्मोनिका ओठांना लावतो, आणि उरलेला सगळा वेळ बोलतो. ऑक्टोबर २०१७ ते डिसेंबर २०१८ या काळात या कार्यक्रमाचे २३६ प्रयोग झाले. जुलै २०१८ मध्ये झालेले ध्वनिमुद्रण या अल्बमसाठी वापरलेले आहे. त्या वेळी स्प्रिंगस्टीन ६८ वर्षांचे होते.

या कार्यक्रमाचे मूळ दोन ठिकाणी आहे. २०१६ मध्ये त्यांचे आत्मचरित्र आले, आणि जानेवारी २०१७ मध्ये, ओबामा यांची कारकीर्द संपता संपता, व्हाइट हाउसमधील कर्मचाऱ्यांसाठी त्यांनी एकट्याने एक छोटी मैफल केली. पुस्तकातील गद्य आणि मैफलीतील गाणी एकमेकांत गुंफून हा प्रयोग उभा राहिला. त्यामुळे सुमारे अडीच तासांच्या या अल्बममध्ये गाणी फक्त १६ आहेत. बहुतेक गाण्यांच्या प्रस्तावना स्वतंत्र ट्रॅक म्हणून कापून ठेवलेल्या आहेत, आणि या अल्बमविषयी माझी पहिली तक्रार नेमकी तीच आहे. मोबाइलवर ऐकणाऱ्याला त्या प्रस्तावना ओलांडून थेट गाण्यावर जाण्याची सोय होते, आणि तसे जो जाईल त्याच्या हाती सोळा संथ, थोडीशी थकलेली, ओळखीची गाणी लागतील. मग तो हा अल्बम सामान्य आहे असे म्हणेल, आणि त्याला दोष देता येणार नाही.

हा ऐवज कीर्तनासारखा ऐकावा लागतो. वारकरी कीर्तनात बुवा अभंग लावतात तेव्हा तो अभंग बहुतेक श्रोत्यांना पाठ असतो. तो ऐकण्यासाठी कोणी येत नाही. निरूपणाच्या वाटेने, दृष्टांत देत, हसवत, मध्येच आवाज चढवत बुवा त्या एका चरणापाशी पुन्हा येतात तेव्हा तोच चरण वेगळा ऐकू येतो, आणि त्या फरकासाठी माणसे मांडी घालून बसलेली असतात. स्प्रिंगस्टीन यांच्या श्रोत्यांनाही ‘थंडर रोड’ पाठ आहे. प्रश्न एवढाच असतो की, बोलण्याने ते गाणे कुठून कुठे नेले. कडोली, येळ्ळूर, उचगाव, बेळगुंदी अशा गावांत साहित्य संमेलनाच्या मंडपात बसून कथाकथनाचे सत्र शेवटपर्यंत ऐकणाऱ्या आपल्या भागातील श्रोत्याला हा प्रकार रॉक संगीताच्या नेहमीच्या चाहत्यापेक्षा अधिक लवकर उमजेल, असे मला वाटते. इंग्रजी मात्र सोपे नाही. न्यू जर्सीचा उच्चार, शब्द गिळण्याची सवय आणि मध्येच कुजबुजीपर्यंत उतरणारा आवाज यांमुळे चांगले इंग्रजी जाणणाऱ्याचीही काही वाक्ये निसटतात.

आरंभीच ते एक कबुली देतात, आणि माझ्या मते संपूर्ण अल्बमची किल्ली त्या कबुलीत आहे. समुद्रकिनाऱ्यावरच्या ज्या जत्रेच्या गावातून आपण आलो तेथे प्रत्येक गोष्टीत थोडी लबाडी मिसळलेली असते, आणि आपल्यातही ती आहे, असे ते सांगतात. आयुष्यभर आपण कारखान्यांवर, कामगारांवर गाणी लिहिली, परंतु कारखान्याचा आतला भाग आपण पाहिलेला नाही आणि आठवड्याचे पाच दिवस नियमाने काम करण्याची वेळ या ब्रॉडवेच्या प्रयोगांपूर्वी आपल्यावर कधी आली नाही, हे ऐकून प्रेक्षागृह हसते. हसण्यासारखे ते आहेच. पण त्या विनोदाखाली एक जुना, गंभीर प्रश्न आहे. ज्याने घाम गाळला नाही त्याने घामाची गाणी गावीत काय? स्प्रिंगस्टीन त्याला युक्तिवादाने उत्तर देत नाहीत. ते वडिलांकडे बोट दाखवतात. आपण तो आवाज वडिलांकडून उसना घेतला, कामाला जाताना त्यांचे कपडे अंगावर चढवले, असा त्या उत्तराचा आशय आहे.

त्यानंतर ‘माय होमटाउन’ पियानोवर येते. स्प्रिंगस्टीन जेथे वाढले ते फ्रीहोल्ड हे न्यू जर्सीतील लहान गाव, तेथली गालिचे विणणारी गिरणी, ती बंद पडल्यावर ओस पडलेला मुख्य रस्ता, हे सर्व मूळ गाण्यामागे आहेच. परंतु येथे गाण्याआधी स्प्रिंगस्टीन गावाचे जे वर्णन करतात, त्यात चर्च, शाळा, नातलगांची घरे आणि भाजलेल्या कॉफीचा वास यांची एवढी दाटी आहे की गिरणी गेल्याने नेमके काय गेले ते कळते. शहापूर, वडगाव, खासबाग या भागांतील गल्ल्यांतून मागांचा खडखडाट ज्यांनी लहानपणापासून ऐकला, आणि मग एकेका घरातून तो थांबतानाही ऐकला, त्यांना या गाण्याचा वेगळा खुलासा करण्याची गरज नाही. माग विकला गेला की त्या घरातील सकाळच बदलते, हे त्यांना ठाऊक आहे. १९८४ च्या ध्वनिमुद्रणातील सिंथेसायझरचा गोडवा मला नेहमीच थोडा जास्त वाटत आला आहे. येथे पियानोचे मोजकेच स्वर आहेत आणि गाण्याला ते पुरतात.

‘माय फादर्स हाउस’ हे १९८२ च्या ‘नेब्रास्का’ अल्बममधील गाणे. तो अल्बम मुळातच घरी, चार ट्रॅकच्या कॅसेट यंत्रावर एकट्याने ध्वनिमुद्रित केलेला होता, त्यामुळे येथे गाण्याच्या रूपात फारसा बदल संभवत नव्हता. तरीही ते बदलले आहे, कारण त्याआधी आईच्या सांगण्यावरून दारूच्या अड्ड्यात जाऊन वडिलांना घरी बोलावून आणणाऱ्या लहान मुलाची हकीकत येते. त्या मुलाला तेथे दिसणारे पुरुषांचे पाय, बाकड्यांची उंची, वडिलांच्या तोंडावर पसरलेली नाराजी हे सगळे स्प्रिंगस्टीन अत्यंत संथपणे सांगतात. भावनेला हात घालण्याची घाई नाही. पुढे, स्प्रिंगस्टीन स्वतः प्रथमच बाप होण्याच्या बेतात असताना, हेच अबोल वडील शेकडो मैल गाडी चालवत त्यांच्याकडे येतात आणि आपण मुलाशी चांगले वागलो नाही हे आपल्या पद्धतीने कबूल करतात, तो प्रसंगही या अल्बममध्ये आहे. तो पूर्ण सांगून मी ऐकणाऱ्याचा आनंद घालवणार नाही.

आईवरचे ‘द विश’ त्यामानाने सरळ आहे. वकिलाच्या कार्यालयात काम करणारी, वेळेवर उठणारी, नाचायला कधीही तयार असणारी आई, आणि तिच्यामुळे हाती आलेली पहिली गिटार. तिला स्मृतिभ्रंश झाल्याचे सांगतानाही स्प्रिंगस्टीन सूर उतरू देत नाहीत.

अल्बमचा कळस म्हणजे ‘बॉर्न इन द यू. एस. ए.’. या गाण्याचे दुर्दैव असे की ते इतक्या मोठ्या आवाजात गाजले की त्यातील शब्द ऐकण्याचे कोणाला कारणच उरले नाही. व्हिएतनामहून परतलेल्या, नोकरी नाकारल्या गेलेल्या एका सैनिकाचा तो आक्रोश आहे. आणि तरीही १९८४ च्या निवडणूक प्रचारात राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनी न्यू जर्सीतील सभेत स्प्रिंगस्टीन यांचे नाव आशेचा संदेश देणारा गायक म्हणून घेतले. ब्रॉडवेवर स्प्रिंगस्टीन आधी व्हिएतनाममध्ये जखमी होऊन चाकाच्या खुर्चीला खिळलेल्या रॉन कोव्हिक यांची भेट सांगतात. मग आपल्याच गावचे दोन तरुण येतात : आपल्या पहिल्या बँडचा ड्रमवादक बार्ट हेन्स आणि त्या परिसरातील सगळ्या पोरांचा आदर्श असलेला गायक वॉल्टर सिकॉन. दोघेही व्हिएतनामला गेले, दोघेही परतले नाहीत. स्वतः स्प्रिंगस्टीन यांना सक्तीच्या भरतीसाठी बोलावणे आले होते, आणि त्यांनी ते हरतऱ्हेच्या खटपटी करून टाळले. या खटपटी ऐकताना श्रोते हसत असतात. आणि मग ते, आवाज अजिबात न चढवता, आपल्या जागी कोण गेला असेल असा प्रश्न स्वतःला विचारतात. कारण कोणीतरी गेलाच असणार.

त्या वाक्यानंतर गिटारच्या तारांवर स्लाइड, म्हणजे बोटात घालायची नळी, घासल्याचा जो कर्कश आवाज येतो, तो गोड नाही आणि तसा तो नसावाच. ब्लूज या कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या गायनप्रकाराच्या जुन्या, खरखरीत वळणाने गाणे सुरू होते, आणि नंतर गिटार बाजूला पडून बराचसा भाग जवळजवळ उघड्या आवाजात, वाद्याचा आधार न घेता गायला जातो. ज्या धृपदावर स्टेडियम नाचले ते येथे गळ्यातून ओढून काढल्यासारखे येते. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र ज्या गावात आहे, जेथे पहाटे जवानांच्या पळण्याचे आणि बँडचे आवाज नित्याचे आहेत, आणि ज्याच्या आसपासच्या प्रत्येक खेड्यात एखादा तरी फौजी किंवा माजी फौजी भेटतो, त्या गावच्या श्रोत्याला या गाण्यात काय दुखते ते समजावून द्यावे लागत नाही. आपल्याकडे भरती सक्तीची नाही, आणि मैदानावर धावायला येणारी पोरे स्वतःहून येतात, हा फरक मोठा आहे. पण सैनिक परत येतो तेव्हा त्याच्याशी कोण कसे वागते हा प्रश्न तिकडचा राहत नाही.

यापुढचा भाग उतरणीचा आहे, आणि ते स्पष्ट सांगितले पाहिजे. ‘टेन्थ अव्हेन्यू फ्रीझ-आउट’मध्ये २०११ साली वारलेल्या सॅक्सोफोनवादक क्लॅरन्स क्लेमन्स यांची आठवण आहे, ती मनापासून आहे, तरीही जे गाणे मुळात ट्रम्पेटसारख्या ब्रास वाद्यांच्या अंगाचे आहे ते एकट्या पियानोवर अपुरे वाटते. पत्नी पॅटी स्कॅल्फा ‘टफर दॅन द रेस्ट’ आणि ‘ब्रिलियंट डिसगाइज’ या दोन गाण्यांत साथीला येतात. दुसऱ्या गाण्यात, म्हणजे संशयाच्या गाण्यात, पती-पत्नीने एकमेकांच्या जवळ उभे राहून गाणे प्रत्यक्ष पाहताना रोमांचक असेल. नुसते कानांनी ऐकताना दोन चांगले आवाज एवढेच उरते, आणि त्याआधीची प्रस्तावना विवाहावरील भाषणासारखी आहे. त्या भाषणात गावाच्या, वडिलांच्या वर्णनातला एकही ठोस तपशील नाही.

‘द घोस्ट ऑफ टॉम जोड’ मूळ क्रमात नव्हते. अमेरिकेच्या दक्षिण सीमेवर स्थलांतरितांची मुले आईवडिलांपासून वेगळी केली जात होती तेव्हा, जून २०१८ मध्ये, स्प्रिंगस्टीन यांनी ठरलेली संहिता मोडून ते आणले आणि ध्वनिमुद्रणातही ते आले. सीमेविषयीची चर्चा ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे त्या आपल्यासारख्यांचे कान येथे टवकारतील. परंतु सीमा आणि सीमा यांत अंतर असते, आणि उगाच साम्य जोडण्यात अर्थ नाही. गाणे उत्तम आहे. प्रस्तावना मात्र वर्तमानपत्राच्या अग्रलेखाकडे झुकते.

एक आक्षेप संपूर्ण उपक्रमावरच घेता येतो. हे बोलणे उत्स्फूर्त नाही. रात्रीमागून रात्री हीच वाक्ये, हेच थांबे, हीच हास्ये होती, आणि पडद्यावर संहिता दिसत होती हेही लपवलेले नाही. अडखळल्यासारखे वाटते ते अडखळणेही बसवलेले आहे. मला त्याचा त्रास होत नाही, कारण नाट्यगृहात आपण नाटकच पाहायला जातो, आणि लबाडीची कबुली त्यांनी पहिल्याच मिनिटात दिलेली आहे. मात्र अल्बम म्हणून याचा एक परिणाम होतो : गद्य दुसऱ्यांदा ऐकताना विनोद आधीच कळलेले असतात, आणि पुन्हा पुन्हा ऐकावेत असे प्रस्तावनांचे ट्रॅक दोन-तीनच उरतात.

ध्वनिमुद्रणाचा दर्जा निःसंशय उच्च आहे. गिटारच्या तारेवर बोट सरकल्याचा आवाज, दोन वाक्यांमधला श्वास, मायक्रोफोनपासून दूर जाऊन नुसत्या गळ्याने सभागृहाला उद्देशून बोललेली वाक्ये हे सगळे नीट ऐकू येते. कमी-अधिक आवाजाची ही तफावत एवढी मोठी आहे की प्रवासात, विशेषतः पुणे-बेंगळुरू महामार्गावर धावणाऱ्या बसमध्ये, अर्धे बोलणे हरवेल. घरी, हेडफोन लावून, रात्री ऐकणे बरे.

हा अल्बम दोन सीडी आणि चार एलपी तबकड्या अशा दोन्ही रूपांत निघाला आहे. एलपीची बाजू बदलण्यासाठी दर थोड्या वेळाने उठावे लागणे या सलग कथनाला मारक आहे, शिवाय परदेशातून मागवताना किंमत बरीच चढते. संग्राहक नसाल तर त्या वाटेला जाऊ नये. नेटफ्लिक्सवर याच प्रयोगाचे चित्रीकरण अल्बमपाठोपाठ आले, आणि ते इंग्रजी उपशीर्षकांसह आधी पाहावे असा माझा आग्रह आहे, कारण उच्चारांची अडचण तेथे दूर होते आणि ती दोन युगुलगीतेही पडद्यावर सावरतात. त्यानंतर ध्वनिमुद्रण लावावे, निदान ‘बॉर्न इन द यू. एस. ए.’ आणि त्याची प्रस्तावना तरी. आणि त्याआधी १९८४ चे मूळ गाणे ज्याने कधी ऐकले नसेल, त्याने ते एकदा मोठ्या आवाजात जरूर ऐकून घ्यावे.