अमेरिकेत ऱ्हेटरिकचं एम.ए.: सोळा महिन्यांनंतर

मिडवेस्टमधल्या एका सरकारी विद्यापीठात ऱ्हेटरिकच्या एम.ए.ला येऊन मला सोळा महिने झाले. ऱ्हेटरिक म्हणजे बोलण्या-लिहिण्यातून लोकांची मनं कशी वळवली जातात याचा अभ्यास. तीन सत्रं संपली, एक उरलंय. इकडे यायच्या विचारात असलेले बरेच जण विचारतात, म्हणून सविस्तर लिहिते.

शाळेपासून वक्तृत्व स्पर्धा केल्या होत्या, त्यामुळे इथे बोलायला शिकवतील असं वाटलं होतं. तसं अजिबात नाही. माझ्या पहिल्याच पेपरच्या समासात बाईंनी पेन्सिलीने एकच शब्द चार ठिकाणी लिहिला होता: ‘कोणाला?’ मी ‘समाजाला’, ‘जनतेला’ असं लिहीत सुटले होते. ही जनता म्हणजे नक्की कोण आणि तिच्या हातात काय आहे, हे कुठेच नव्हतं. त्या एका प्रश्नाने माझं वाचणंच बदललं.

ऱ्हेटरिकचे अमेरिकन अभ्यासक लॉइड बिट्झर यांचा 1968चा निबंध इथे सगळेच वाचतात. त्यांच्या मते ऐकणारा प्रत्येक जण श्रोता नसतो. ज्याचं मन वळू शकतं आणि जो काही बदल घडवू शकतो, तोच श्रोता. मी ही कसोटी बाबासाहेबांच्या ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ला लावून पाहिली. 1936 साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने त्यांना अध्यक्ष म्हणून बोलावलं, भाषणाचा मजकूर वाचून काही भाग गाळायला सांगितला. त्यांनी स्वल्पविरामही बदलायला नकार दिला. अधिवेशन झालंच नाही, आणि भाषण त्यांनी स्वखर्चाने छापलं. समोर सभाच नाही, मग श्रोता कोण? वर्गात यावर दोन तास वाद झाला. बिट्झर म्हणतात की प्रसंगातून भाषण जन्मतं; रिचर्ड व्हॅट्झ या दुसऱ्या अभ्यासकाने 1973मध्ये त्यांना उत्तर दिलं होतं की उलट, प्रसंग वक्ताच घडवतो. मला बाबासाहेबांच्या बाबतीत तेच पटलं. वर्गातल्या बहुतेकांनी बाबासाहेब तेव्हा पहिल्यांदा वाचले, याचा मला फार आनंद आहे.

अर्ज करण्याआधी विभाग नीट बघा. 1914 साली भाषणकलेचे शिक्षक इंग्रजी शिक्षकांच्या संघटनेतून वेगळे झाले, तेव्हापासून ऱ्हेटरिकची दोन घरं आहेत. इंग्रजी विभागात गेलात तर बहुधा पहिल्या वर्षाच्या मुलांना निबंधलेखन शिकवावं लागेल, कम्युनिकेशनमध्ये पब्लिक स्पीकिंग. मी निबंधवाली. या शिकवण्याच्या कामाला असिस्टंटशिप म्हणतात; तिच्यामुळे फी माफ झाली, स्टायपेंड मिळतो. ती नसेल तर कर्ज काढून या पदवीला येऊ नका, असं मी स्पष्ट सांगेन. एफ-1 या विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना आठवड्याला वीसच तास काम करता येतं, पण चव्वेचाळीस निबंध तपासायच्या आठवड्यात ते तास कुठच्या कुठे जातात. स्टायपेंड नऊच महिन्यांचा आहे, हे मला इथे आल्यावर कळलं. तो उन्हाळा फार कठीण गेला. आधी ईमेलवर लेखी विचारून घ्या. आणि पदवी स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) यादीत नसेल तर ओपीटी, म्हणजे शिक्षणानंतर तिथे काम करायची परवानगी, बाराच महिन्यांची मिळते.

अभ्यासक्रमाबद्दल एक मोठी तक्रार आहे. अ‍ॅरिस्टॉटल, सिसेरो, क्विंटिलियन या प्राचीन ग्रीक-रोमन मंडळींना आठवडेच्या आठवडे, आणि उरलेल्या जगाला एक आठवडा. म्हणून प्रबंधाला मी नारदीय कीर्तन घेतलंय: पूर्वरंगात बुवा तत्त्व मांडतात आणि उत्तररंगात आख्यानातून तेच पटवतात, ते नेमकं कसं. बाईंनी होकार दिला, फक्त उताऱ्यांचं भाषांतर मलाच करायचंय. ‘निरूपण’ या शब्दापाशी दोन आठवडे अडले आहे.