टीसीपी सॉकेट घेऊ की यूडीपी?

इंदूरला कॉलेजात असलेला भाचा काल रात्री विचारत होता, मामा, चॅटच्या प्रोजेक्टला कुठलं सॉकेट घेऊ? सॉकेट म्हणजे प्रोग्रामचं नेटवर्कवर बोलायचं दार, अन् टीसीपी, यूडीपी या डेटा पाठवायच्या दोन पद्धती. मी म्हटलं, हे बघ, मेहनत यूडीपीत कमी, हेडर (डेटाच्या पुढे जोडलेली माहिती) फक्त ८ बाइटचं, कनेक्शनची भानगड नाही. टीसीपीत सर्व्हरला बाइंड (पत्ता ठरवणं), लिसन (कनेक्शनची वाट बघणं), अ‍ॅक्सेप्ट (ते स्वीकारणं) सगळं करावं लागतं अन् हेडर किमान २० बाइट. पण भरवसा टीसीपीचाच, हरवलेलं परत पाठवतो, क्रमही सांभाळतो. फक्त त्यात मेसेजची हद्द नसते, तू 'पोहे' अन् 'जिलबी' वेगवेगळं पाठवलंस तरी समोर एकदम 'पोहेजिलबी' येऊ शकतं, म्हणून प्रत्येक मेसेजआधी त्याची लांबी पाठवायची, नवीन मुलं इथेच अडकतात रे. यूडीपीत बफर (आलेला मेसेज ठेवायची जागा) पुरेसा असला की मेसेज आला तर अख्खा, नाहीतर येतच नाही. तुझ्या चॅटला, फाइल पाठवायला टीसीपीच घे. लाइव्ह आवाज, गेम असेल तर यूडीपी.