बोटीच्या केबिनसाठी नागपुरात करून घेतलेला बाटली-होल्डर : आठ महिन्यांच्या वापरानंतर

पाच खंब्यांचा, म्हणजे ७५० मिलीच्या पाच दारूच्या बाटल्यांचा, हा होल्डर नागपुरात एप्रिल-मेमध्ये तयार झाला. मेच्या मध्यावर तो अलिबागकडच्या एका २८ फुटी शिडाच्या बोटीत बसला, पावसाळाभर बंद केबिनमध्ये राहिला आणि ऑक्टोबरपासून पाण्यावर आहे. आजवरचा हिशेब असा : फुटलेल्या बाटल्या शून्य, अडकून बसलेली पट्टी एक, सुटलेली अस्तरं पाचच्या पाच, आणि पॉलिश पूर्ण खरवडून पुन्हा एकदा. रचना बरोबर निघाली. चुका झाल्या त्या नागपूरच्या उन्हाळ्यात बसून समुद्रावरचं माप धरल्यामुळे.

घरच्या बारमधला रॅक बोटीत का चालत नाही, ते आधी. ७५० मिलीची भरलेली काचेची बाटली साधारण १.२ ते १.४ किलो भरते. नेहमीच्या गोल बाटलीचं बूड ७८ ते ८० मिमी, आणि गुरुत्वमध्य बुडापासून ११५ मिमीच्या आसपास. म्हणजे १९ अंशांच्या पुढे कलली की ती आपोआप आडवी होते. शिडाची बोट चांगल्या वाऱ्यात २०-२५ अंश कलून तासन्‌तास चालते. फळीला पुढून ३०-४० मिमी उंचीची कडपट्टी ठोकली तर बाटली घसरत नाही, पण त्याच पट्टीवरून कोलांटी खाते. वरचा आधार गुरुत्वमध्याच्या वरच हवा. इथे तो बुडापासून १५० मिमीवर घेतला आहे.

आता खरी गोम. वरच्या फळीला पूर्ण गोल छिद्र पाडलं, तर बाटली काढण्यासाठी ती १५० मिमी अधिक फळीची १८ मिमी जाडी, म्हणजे १६८ मिमी वर उचलावी लागते. बाटली ३०० मिमी उंच. एवढी मिळून जवळजवळ एक हात उंची मोकळी हवी, वर मुठीला जागा वेगळी. केबिनमध्ये डोक्यावरच्या डेकखाली ती कुठून आणणार? म्हणून वरच्या फळीची छिद्रं समोरून कापून उघडी केली, इंग्रजी यू अक्षरासारखी, आणि समोरून एक काढघाल करायची सागवानी पट्टी दिली. बाटली खालच्या खाचेतून १२ मिमी उचलायची आणि पुढे ओढायची. वर २५ मिमी मोकळी जागा असली तरी भागतं. आमच्या मते सगळ्या रचनेत महत्त्वाचा निर्णय हाच.

मापं अशी. दोन्ही आडव्या फळ्या प्लायच्या, ५५० बाय १२० मिमी, १८ मिमी जाडीच्या. खालची फळी १२ आणि ६ मिमीचे दोन थर चिकटवून केली : वरच्या थराला आरपार छिद्र, खालच्याला नाही, म्हणजे १२ मिमीची खाच आपोआप तयार. खाच कोरायचं राउटर यंत्र नसलं तरी हे जमतं. छिद्रं ८९ मिमीच्या होल सॉने (गोल छिद्र पाडायच्या करवतीने), मध्यापासून मध्यापर्यंत १०५ मिमी. दोन छिद्रांमध्ये १६ मिमी भिंत उरते. वरच्या फळीत यू कापल्यावर हेच १६ मिमीचे दात मोकळे पुढे येतात, तिथे हलका प्लाय चालायचा नाही. शिक्क्यावर आयएस ७१० (मरीन प्लायचं मानक) बघून घ्या. आयएस ३०३ वाला बीडब्ल्यूआर (उकळत्या पाण्यात टिकणारा) प्लाय स्वयंपाकघराला ठीक आहे, बोटीला नाही. कापलेल्या कडेत पोकळी दिसली तर तो तुकडा बाजूला ठेवा, पुट्टी भरून दात मजबूत होत नाही. प्रत्येक खाचेच्या तळाला ८ मिमीचं पाणी जायचं छिद्र.

बाजू सीपी, म्हणजे मध्य भारतातल्या, सागवानाच्या, २० मिमी जाड, १३० रुंद, २०० उंच. नागपूरच्या लकडगंजमध्ये हे लाकूड सहज मिळतं आणि या कामाला बर्मा टीकवर खर्च करायची गरज नाही. सागवान तेलकट असतं, त्यामुळे इपॉक्सी लावण्याआधी जोडाची जागा अ‍ॅसिटोनने पुसायची आणि लगेच चिकटवायची. मिस्त्री लोक हे सोडून देतात. घरातल्या कपाटात ते खपूनही जातं.

फसगत झाली ती ओलाव्यात. मे महिन्यात नागपुरात पिन-मीटरवर या सागवानाचा ओलावा ७ टक्के दिसत होता. ऑक्टोबरात किनाऱ्यावर तोच १४. सागवान रेषांच्या आडव्या दिशेने, दर एक टक्का ओलाव्याला जास्तीत जास्त ०.१९ टक्क्याच्या आसपास फुगतं. सात टक्क्यांचे झाले १.३ टक्के. समोरची पट्टी ४५ मिमी रुंद, म्हणजे वाढ ०.६ मिमी. मूळ रचनेत ही पट्टी जुन्या वाड्याच्या दाराच्या अडसरासारखी बाजूच्या चौकोनी खिडकीतून आडवी सरकवायची होती, आणि खिडकीत जागा ठेवली होती फक्त अर्धा मिमी. नागपुरात लोण्यासारखी सरकायची. ऑक्टोबरात केबिन उघडली तेव्हा हातोडीनेही हलेना. शिवाय ती पूर्ण काढायला बाजूला पट्टीच्या लांबीएवढी मोकळी जागा लागते, ही कागदावरची चूक वेगळीच.

उपाय म्हणून खिडकीचा वरचा भाग कापून टाकला. आता १२ मिमी जाडीची पट्टी वरून १४ मिमीच्या खाचेत पडते. जाडीची वाढ ०.२ मिमीही नाही, अडकायचा प्रश्न संपला. बोट आपटली की पट्टी उडू नये म्हणून दोन्ही टोकांना सागाची फिरती खुंटी, एका स्क्रूवर.

छिद्रांबद्दल एक गैरसमज सर्रास आढळतो. लाकूड फुगलं की छिद्र आवळतं असं वाटतं, पण होतं उलट : अख्खी फळी वाढते तसं छिद्रही वाढतं, आणि अखंड लाकडात ते एकाच दिशेने वाढून अंडाकृती होतं. प्लायमध्ये हा फरक नगण्य. म्हणून छिद्रांच्या फळ्या प्लायच्याच ठेवाव्यात. मात्र न सरकणारा प्लाय आणि सरकणारं सागवान पूर्ण लांबीला चिकटवू नका. बाजूच्या खाचेत मागचे ४० मिमी चिकटवायचे, पुढच्या टोकाला लांबट छिद्रातून स्क्रू. हे पहिल्यापासून केलं होतं, आणि १३० मिमीची बाजू दीड मिमीहून जास्त सरकूनही कुठे चीर नाही.

अस्तर चपलेच्या सोलला वापरतात त्या ३ मिमी ईव्हीए शीटचं. ८९ मिमीच्या छिद्रात ८३ मिमी मोकळे उरतात, ८० मिमीची बाटली खुळखुळत नाही. शीट उत्तम, चिकटवायचं चुकलं. नेहमीचं रबरी सोल्युशन मेमधल्या बंद केबिनच्या उष्णतेत पंधरा दिवसांत मऊ पडलं आणि अस्तरं बाटलीबरोबर बाहेर यायला लागली. चांभार वापरतात त्या पीयू (पॉलियुरेथेन) सोल्युशनने लावल्यापासून सगळी जागेवर आहेत. खाचेच्या तळाला टाकलेल्या ईव्हीए चकत्या मात्र काढून टाकल्या. थंड बाटलीचं पाणी त्यांच्याखाली साचून काळी बुरशी धरत होती. फेल्ट तर वापरूच नका, ते पाणी धरून ठेवतं.

पॉलिशचं दुखणं थोडं हास्यास्पद आहे. फर्निचरवाल्याने सवयीने लाखेचं स्पिरिट पॉलिश मारून दिलं. लाख स्पिरिटमध्येच विरघळते. दारूच्या बाटल्या ठेवायच्या जागेवर! पहिला थेंब पडला आणि पांढरा डाग उठला. सगळं खरवडून इपॉक्सीचे दोन हात आणि वर दोन भागांचं पीयू दिलं. कापलेल्या प्रत्येक कडेला आणि ८ मिमीच्या छिद्रांच्या आतून इपॉक्सी गेलंच पाहिजे, प्लायमध्ये पाणी तिथूनच शिरतं.

बसवताना होल्डर केबिनच्या आडव्या, म्हणजे बोटीच्या रुंदीच्या दिशेने जाणाऱ्या, भिंतीवर, तोंड पिछाडीकडे करून लावला. बोट बाजूंना जास्त डोलते, पुढे-मागे कमी. असं लावलं की डोलण्याचा जोर पक्क्या दातांवर येतो, काढघालीच्या पट्टीवर नाही. जागा जितकी खालची आणि बोटीच्या मध्याजवळची तितकी बरी. नाळेकडे, म्हणजे पुढच्या टोकाला, आपटणं सर्वांत जास्त. भरलेला होल्डर ९-१० किलोंचा होतो आणि लाटेवरून बोट आदळली की त्याचा भार काही पट होतो, म्हणून लाकडी स्क्रू नाहीत. आरपार एम ६ चे चार बोल्ट, मागे मोठे वॉशर. समुद्रासाठी ३१६ प्रतीचं स्टेनलेस स्टीलच घ्या. खुंटीचे दोन स्क्रू चुकून ३०४ चे लागले होते, त्यांच्याभोवती डिसेंबरातच चहाच्या रंगाचे डाग आले. बोट रामटेकजवळच्या खिंडसी तलावासारख्या गोड्या पाण्यावर असेल तर ३०४ पुरतं.

होल्डर नेताना रिकामाच नेला. समृद्धी महामार्ग वर्धा जिल्ह्यातून जातो आणि तिथे दारूबंदी आहे, परवाना खिशात असला तरी बाटल्या घेऊन जायचा तो रस्ता नव्हे. चाचणीला दारू लागतही नाही. कबाड्याकडच्या रिकाम्या बाटल्या पाण्याने भरायच्या. ४० टक्क्यांच्या दारूपेक्षा पाणी साधारण पाच टक्के जड, म्हणजे चाचणी किंचित कडकच. होल्डर फळीवर बोल्टने कसून चारही बाजूंना ४५ अंश कलवायचा, दहा-दहा मिनिटं, आणि त्याच अवस्थेत हलवायचा.

अजून न सुटलेली गोष्ट चौकोनी बाटलीची. ७० मिमी बाजूची बाटली कर्णात ९९ मिमी भरते. कोपरे गोल असले तरी ८९च्या खाचेत बसेलच असं नाही. बुटक्या रुंद रमच्या बाटल्यांचंही तेच. होल सॉ विकत घेण्याआधी घरातली प्रत्येक बाटली कॅलिपरने मोजा, आणि पाचातली एक खाच चौकोनी ठेवा. बाटल्या आडव्या ठेवायचा मोहही नको. कडक दारू बूच खाते, आणि गरम केबिनमध्ये द्रव फुगून बुचातून झिरपतो. ४० टक्क्यांच्या दारूची वाफ २६ अंशांच्या आसपासच पेट घेऊ शकते, तेव्हा शेगडी आणि इंजिनच्या बाजूची भिंत बाद.

येत्या मे महिन्यात बोट वर ओढली जाईल तेव्हा चार बोल्ट काढून होल्डर किनाऱ्यावरच्या शेडमध्ये, हवेशीर जागी, पट्टी आणि खुंट्या वेगळ्या काढून ठेवायचा आहे. दुरुस्तीसाठी नागपूरला आणायचाच झाला तर ऑगस्टमध्ये. मेच्या उन्हात १४ टक्क्यांचं सागवान आणलं तर बाजू तडकतील.