रात्री इमर्जन्सीत कुठं न्यायचं: नर्सिंग होम, मोठं खासगी रुग्णालय की पालिकेचं?

ठाण्यात किंवा नवी मुंबईत घरातल्या कुणाला रात्री अचानक काही झालं, की समोर तीन दारं असतात. गल्लीतलं दहा-वीस खाटांचं नर्सिंग होम, कॅथलॅब (हृदयाच्या बंद रक्तवाहिन्या उघडण्याची खोली) आणि आयसीयू असलेलं मोठं खासगी रुग्णालय आणि पालिकेचं रुग्णालय. ठाणेकरांसाठी हे तिसरं दार म्हणजे खाडीपलीकडचं कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, नवी मुंबईकरांसाठी वाशी, नेरूळ, ऐरोलीची पालिका रुग्णालयं. बहुतेक घरांत निर्णय दोनच गोष्टींवर होतो: जवळ काय आहे आणि खर्च किती येईल. दोन्ही रास्त आहेत. पण त्याआधी विचारायला हवं ते हे, की या माणसाला लागणारा उपचार तिथं या घटकेला सुरू होईल का? दारापर्यंतचा वेळ मोजू नका, उपचारापर्यंतचा मोजा.

छातीत कळ आणि पक्षाघात

छातीत दाबल्यासारखं दुखतंय, घाम फुटलाय, कळ हातात किंवा जबड्यात जातेय. कासारवडवलीच्या घरापासून नर्सिंग होम पाच मिनिटांवर, कॅथलॅब पंचवीस मिनिटांवर. नर्सिंग होममध्ये ईसीजी निघतो, डॉक्टर अटॅक असल्याचं सांगतात. मग मोठ्या रुग्णालयात फोन करून खाट विचारायची, कार्डिॲक ॲम्ब्युलन्स मागवायची, ती येईपर्यंत थांबायचं. यात तास सहज जातो. रक्तवाहिनी पूर्ण बंद असेल, तर कॅथलॅब असलेल्या रुग्णालयात पोचल्यापासून ९० मिनिटांत ती फुग्यानं उघडावी, म्हणजे अँजिओप्लास्टी व्हावी, असं मानक आहे. अशा वेळी पंचवीस मिनिटांवरचं दारच खरं जवळचं. मुरबाड-शहापूरकडून येणाऱ्यांचा हिशेब वेगळा. दोन तासांत अँजिओप्लास्टी होणार नसेल, तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन जिथं मिळेल तिथं आधी घ्यावं आणि मग पुढं निघावं.

कुठल्याही दारात गेलात तरी पोचल्यापासून १० मिनिटांत ईसीजी निघायला हवा. फाइल बनली नाही, डिपॉझिट भरलं नाही, या कारणानं तो थांबता कामा नये. आणि पहिला ईसीजी नॉर्मल आला म्हणजे अटॅक नाही, असं होत नाही. काही तासांच्या अंतरानं ईसीजी आणि ट्रोपोनिन (हृदयाला इजा झाली का, हे सांगणारी रक्ततपासणी) पुन्हा करावं लागतं. ‘नॉर्मल आहे, ॲसिडिटी असेल’ असं सांगून दहा मिनिटांत घरी पाठवत असतील, तर दुसरा ईसीजी कधी काढणार, हे शांतपणे विचारा.

तोंड वाकडं झालं, एका बाजूचा हात-पाय पडला, बोबडी वळली, तर सीटी स्कॅन रात्रीही चालू असलेलंच रुग्णालय. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांतच देता येतं. म्हणून डॉक्टर पहिला प्रश्न विचारतात, ‘शेवटचे ठीक कधी होते?’ पहाटे पाचला उठल्यावर लक्षात आलं, पण रात्री अकराला झोपताना बरे होते, तर वेळ अकरापासून मोजली जाते. हे सांगू शकेल असा माणूस सोबत हवाच. घरात ॲस्पिरिन देऊ नका. मेंदूत रक्तस्राव असेल तर ती गोळी घात करते आणि तो आहे की नाही, हे सीटीशिवाय कुणालाच कळत नाही. बीपी वाढलंय म्हणून जिभेखाली गोळी ठेवण्याची जुनी सवयही इथं नको. बीपी एकदम उतरलं तर मेंदूचा उरलासुरला रक्तपुरवठाही तुटतो.

जवळचंच दार केव्हा

श्वास अडकतोय, फिट थांबत नाही, रक्त वाहायचं थांबत नाही, माणूस शुद्धीवर नाही. इथं मोठ्या नावाच्या मागे रस्ता कापत बसू नका. ऑक्सिजन, सक्शन (घशातली लाळ-उलटी ओढून काढणारं यंत्र) आणि डॉक्टर जिथं जवळात जवळ आहेत, तिथं आधी शिरा. मधमाशी चावून किंवा औषधाची ॲलर्जी होऊन घसा सुजत असेल, तर मांडीत दिलेलं ॲड्रिनॅलिनचं इंजेक्शन जीव वाचवतं आणि ते देण्याएवढी तयारी कुठल्याही नर्सिंग होमची असायला हवी.

तापात सलाइन, दम्याला नेब्युलायझर, मुतखड्याची कळ, उलट्या-जुलाब, चार टाक्यांची जखम, या कामांसाठी तर नर्सिंग होम सगळ्यात बरं. लवकर होतं, स्वस्त पडतं, डॉक्टर ओळखीचे असतात. मात्र रात्री तिथं बहुधा आरएमओ, म्हणजे ड्युटीवरचे निवासी डॉक्टर असतात, बऱ्याचदा बीएएमएस किंवा बीएचएमएस. स्पेशालिस्ट फोनवर. म्हणून जाण्याआधी फोन करा आणि ‘इमर्जन्सी आहे का’ असं विचारू नका, त्याला उत्तर ‘हो’च येतं. विचारा: आत्ता ड्युटीवर एमडी किंवा फिजिशियन आहेत का? सीटी इथंच होतं की बाहेर न्यावं लागतं? आयसीयूत व्हेंटिलेटरची खाट रिकामी आहे का? लहान मूल असेल तर बालरोगतज्ज्ञ आत आहेत का? मुलाचं वजन आधीच सांगून टाका, मुलांचे सगळे डोस वजनावर ठरतात.

पालिकेचं दार कुठं वरचढ

कुत्रं चावलं तर बरेच जण खासगीत धावतात. आधी नळाखाली साबणानं जखम पंधरा मिनिटं धुवा, मग पालिकेचं रुग्णालय गाठा, लस तिथं मोफत असते. जखमेतून रक्त आलं असेल तर लशीबरोबर जखमेत भरायचं इम्युनोग्लोब्युलिनही (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) लागतं. ‘इंजेक्शन दिलं’ एवढ्यावर समाधान मानू नका, दोन्ही मिळालं का ते पाहा. दंडात घेतल्या जाणाऱ्या लशीचे दिवस ०, ३, ७, १४ आणि २८. तिसरा डोस झाल्यावर जखम सुकली म्हणून जाणं बंद करणारे पुष्कळ असतात. तसं करू नका.

येऊरच्या पायथ्याला किंवा पारसिकच्या डोंगराकडच्या वस्तीत साप चावला, तरी सरकारी दारच आधी. सर्पविषावरच्या इंजेक्शनच्या सुरुवातीलाच साधारण १० कुप्या लागतात आणि खासगीत ते बिल मोठं होतं. दोरी आवळून बांधू नका, चिरा देऊ नका, हात-पाय हलू न देता न्या. विषबाधा, मारहाण, अपघात यांत पोलिसांची नोंद म्हणजे एमएलसी लागते. खासगी रुग्णालयही ती करू शकतं आणि ‘पोलीस केस आहे, सरकारीत न्या’ म्हणून उपचार नाकारू शकत नाही. सर्वोच्च न्यायालयानं १९८९ च्या परमानंद कटारा खटल्यात हे स्पष्ट केलं आहे. रस्त्यावरच्या जखमीला उचलून आणणाऱ्याला पैसे भरायची किंवा नाव सांगायची सक्ती करता येत नाही.

पालिकेच्या दाराची दुसरी बाजूही खरी आहे. कळव्याच्या ५०० खाटांवर ठाणे, दिवा, मुंब्रा आणि थेट ग्रामीण भागातून रुग्ण येतात. खाट मिळते, पण गर्दीत मिळते, आणि नातेवाइकाला रक्ताचे नमुने, रिपोर्ट, औषधं यांसाठी स्वतः पळावं लागतं. सोबत दोन माणसं हवीत, एक रुग्णाजवळ आणि एक पळापळीला.

भाजल्यावर मात्र या तिन्हींच्या बाहेरचं चौथं दार लक्षात ठेवा, ऐरोलीचं नॅशनल बर्न्स सेंटर. घरी वीस मिनिटं वाहत्या साध्या पाण्याखाली धरा. टूथपेस्ट, शाई, बर्फ काही लावू नका.

गाडी कुठली

१०८ मोफत आहे, २०१४ पासून राज्यभर चालते आणि गाडीत डॉक्टर असतो. खासगीत न्यायचं असेल तर फोनवरच सांगा. रुग्णालयाची स्वतःची ॲम्ब्युलन्स पैसे घेते, पण त्या दारात रुग्ण येतोय हे आत आधीच कळलेलं असतं. स्वतःच्या कारनं न्यायला हरकत नाही, फक्त अटॅकच्या पेशंटला जिने उतरायला लावू नका, खुर्चीत बसवून खाली आणा. रात्री रस्ता मोकळा असेल, हा घोडबंदरवरचा भ्रम आहे. जेएनपीटीकडून गुजरातला जाणारे कंटेनर रात्रीच रस्त्यावर असतात. वाशीला सेक्टर १० मध्ये पालिकेचं आणि एक मोठं खासगी रुग्णालय एकमेकांना चिकटून आहेत. रिक्षावाल्याला ‘वाशी हॉस्पिटल’ एवढंच सांगू नका, दाराचं नाव सांगा.

पैसा

खासगी कॅज्युअल्टीचं, म्हणजे तातडीच्या विभागाचं बिल एका आकड्यात येत नाही. रजिस्ट्रेशन, ड्युटी डॉक्टरांची फी, बोलावलेल्या स्पेशालिस्टची रात्रीची फी, तासावर मॉनिटर, तासावर ऑक्सिजन, प्रोसिजर, ग्लोव्ह्ज-सिरिंज-आयव्ही सेट, तपासण्या, औषधं. जीव स्थिर झाला, की पुढच्या चोवीस तासांचा अंदाज लेखी मागा. मोठ्या रुग्णालयाचे काउंटर याला सरावलेले असतात, मागणारेच संकोचतात. आधी प्राण वाचवणारा प्राथमिक उपचार आणि मग पैशाचं बोलणं, हे बंधन महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी नियमांत २०२१ साली झालेल्या दुरुस्तीनंतर नर्सिंग होमवरही आहे.

विम्यात सगळ्यात जास्त गैरसमज एकच. चार तास कॅज्युअल्टीत ठेवलं, सलाइन लावलं, घरी सोडलं, तर साध्या पॉलिसीत पैसे मिळत नाहीत. साधारणपणे २४ तासांची भरती लागते किंवा डे-केअर, म्हणजे एका दिवसात घरी सोडण्याच्या यादीतली प्रक्रिया. ‘क्लेम बसेल म्हणून एक दिवस ठेवा’ असा आग्रहही अंगाशी येतो. केवळ तपासण्यांसाठी भरती, असा शेरा मारून कंपनी क्लेम नाकारते. भरती होणारच असेल तर टीपीए डेस्कवर (विम्याचे क्लेम हाताळणारं काउंटर) पहिल्याच तासात कार्ड आणि आधार द्या. कॅशलेसच्या विनंतीवर विमा कंपनीनं तासाभरात निर्णय द्यावा आणि डिस्चार्जची मंजुरी तीन तासांत, असं आयआरडीएआय या विमा नियामक संस्थेनं २०२४ मध्ये बजावलं आहे.

खोली निवडताना पॉलिसीतली भाड्याची मर्यादा बघा. मर्यादा ३,००० रुपयांची आणि तुम्ही ६,००० ची खोली घेतली, तर फरक ३,००० पुरता राहत नाही. सर्जनची फी, भूल, नर्सिंग अशा १,००,००० रुपयांच्या खर्चातले ५०,०००च मंजूर होतात. औषधं, तपासण्या, इम्प्लांट आणि आयसीयूला ही कात्री लागत नाही. पहाटे तीन वाजता ‘ट्विन शेअरिंग नाही, सिंगल घ्या’ असं सांगितलं गेलं, तर ट्विन उपलब्ध नसल्याची नोंद फाइलवर करून घ्या.

विमा नसेल तर दोन वाटा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. रुग्णालय योजनेत आहे का आणि हा आजार तिथं बसतो का, हे रुग्णालयात बसणारा योजनेचा माणूस, आरोग्यमित्र सांगतो, हेल्पलाइन १५५३८८. दुसरी वाट धर्मादाय रुग्णालयांची. मोठ्या खासगी रुग्णालयांपैकी जी ट्रस्टची आहेत, त्यांना १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी निम्म्या दरानं ठेवाव्या लागतात. तिथं ‘मेडिकल सोशल वर्कर’ कुठं बसतात ते विचारा. रस्ते अपघातातल्या जखमीसाठी २०२५ पासून केंद्राची योजना आहे. नेमलेल्या रुग्णालयांत सात दिवसांपर्यंत दीड लाखांचा उपचार कॅशलेस.

आत गेल्यावर आणि हलवताना

कॅज्युअल्टीत आधी आलेल्याला आधी बघत नाहीत. किती गंभीर आहे त्यावरून लाल, पिवळा, हिरवा अशी वर्गवारी होते. घोटा मुरगळून आलात तर तासभर बसावं लागेल, तुमच्यानंतर आलेला माणूस आत जाईल आणि ते बरोबर आहे. पण थांबला असताना घाम फुटला, ग्लानी आली, श्वास वाढला तर लगेच सिस्टरना सांगा, वर्गवारी पुन्हा होते. चालू गोळ्यांची पाकिटंच सोबत न्या, ‘बीपीची छोटी पांढरी गोळी’ याचा डॉक्टरांना उपयोग नाही. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ते पहिल्या वाक्यात सांगा, विशेषतः डोक्याला मार असेल तेव्हा. वाटेत पाणी-चहा देऊ नका, ऑपरेशनची वेळ आली तर पोट रिकामं लागतं.

खर्च झेपत नाही म्हणून हलवायचं ठरलं, तर ‘डामा’वर, म्हणजे स्वतःच्या जबाबदारीवर नेतोय या कागदावर, सही करण्याआधी डॉक्टरांना कारण सांगा आणि रीतसर ट्रान्सफर मागा. पुढच्या रुग्णालयाच्या डॉक्टरांशी यांच्या डॉक्टरांनी फोनवर बोलायला हवं, खाट नक्की व्हायला हवी आणि सोबत ट्रान्सफर समरी, ईसीजीच्या पट्ट्या, सीटीची सीडी, दिलेल्या औषधांच्या वेळा हव्यात. ॲम्ब्युलन्स दारात आली, की आत चढण्याआधी सिलिंडरचा काटा बघा आणि ड्रायव्हरला विचारा, इथून तिथपर्यंत ऑक्सिजन पुरेल का, वाटेत अर्धा तास अडकलो तरी.