मिनीचा क्लच मास्टर सिलेंडर : बदलून नऊ महिने झाल्यावर

गाडी 1979 सालची, मिनी 1000, इंजिन 998 सीसी. मी कॉव्हेंट्रीत राहतो. गाडी रोज ऑफिसला नेत नाही, पण शनिवार-रविवार तीच चालवतो. नऊ महिन्यांत साधारण तीन हजार मैल झाले, म्हणून आता लिहायला हरकत नाही.

दुखणं सुरू झालं ऑक्टोबरात. रिव्हर्स टाकताना खर्रर्र आवाज यायचा. रिव्हर्सला सिंक्रोमेश (गिअर बिनआवाज जुळवणारी सोय) नाहीच, थोडं चालायचंच, असं म्हणत मी दोन आठवडे ढकलले. मग सिग्नलला क्लच पूर्ण दाबून उभा असतानाही गाडी हळूच पुढे सरकायला लागली. पेडल दोनदा पटपट मारलं की मात्र पहिला गिअर लोण्यासारखा पडायचा. म्हणजे गिअरबॉक्स बिचारा निर्दोष होता, जीव हायड्रॉलिकमधला, म्हणजे पेडलाचा दाब ऑइलमधून क्लचपर्यंत नेणाऱ्या यंत्रणेतला, गेला होता.

गंमत अशी, की गाडीखाली एक थेंब नाही आणि डब्यातलं ब्रेक ऑइल मात्र उतरतंय. या गाडीत मास्टर सिलेंडर, म्हणजे पेडलाच्या दांड्याने ऑइल ढकलणारा पंप, बल्कहेडवर (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यावर), पेडलाच्या बरोबर वर बसतो. त्याचं मागचं रबर गेलं की गळती रस्त्यावर दिसत नाही, दांड्यावरून थेट चालकाच्या पायाशी येते. पेडलाच्या दांड्यावरून बोट फिरवलं तर ओलं. कार्पेट उचललं तर खालच्या पत्र्याचा रंग फोडासारखा फुगलेला, आणि नखाने ओढल्यावर दुधावरची साय निघावी तसा अख्खा पापुद्रा हातात आला. ब्रेक ऑइल रंगाचं काय करतं हे ऐकून होतो, त्या दिवशी पाहिलं.

आधी फक्त रबरांचं किट टाकायचा विचार होता. सिलेंडर उघडला, आत टॉर्च मारला, तर भिंतीवर नखाला लागतील असे गंजाचे खड्डे. हे ऑइल हवेतला ओलावा पितं आणि इंग्लंडात ओलाव्याला तोटा नाही. खड्ड्यांवर नवीन रबर किती दिवस टिकणार? किटचे पैसे वाया गेले असं समजून नवीन सिलेंडर मागवला. तोही, कबूल करतो, स्वस्तातला. नाव नसलेल्या खोक्यातून आलेला तो माल पाच आठवड्यांत त्याच जागी पाझरायला लागला. विक्रेत्याने पैसे परत दिले, पण माझे दोन रविवार कोण देणार? दुसरा घेतला तो जवळपास दुप्पट किमतीचा, पत्र्याच्या डब्याचा, मूळ नमुन्याबरहुकूम. हा अनुभव त्याचा.

बसवण्याचं काम अवघड नाही, अपमानास्पद आहे. बॉनेटखालून हीटरचा हवेचा जाड पाइप बाजूला केला की दोन नट समोर दिसतात. त्यांना अर्ध्या इंचाचाच पाना घ्या. 13 नंबरचा बसल्यासारखा वाटतो आणि ऐन वेळी घसरून कडा गोल करतो. खरी शिक्षा आत आहे. पेडल आणि दांडा जोडणारी पिन काढायची तर पाठ सीटवर उलटी, पाय सीटच्या पाठीवर आणि डोकं स्टिअरिंगच्या खाली. त्या अवस्थेत पक्कडीने स्प्लिट पिन सरळ करायची. माझी तीनदा तोंडावर पडली. नवा सिलेंडर बसवण्याआधी दोन्ही दांडे शेजारी धरून लांबी जुळते का ते पाहून घ्या.

हवा काढायला साताऱ्याहून आलेली आई मदतीला होती. मी स्लेव्हच्या (क्लचकडच्या, ऑइलच्या दाबाने सरकणाऱ्या सिलेंडरच्या) हवा सोडायच्या निपलवर नळी लावून वाकलेलो, ती ड्रायव्हरच्या सीटवर, हातात चहाचा कप. "शिवणाच्या मशीनसारखं दाबू की जोरात?" मी म्हटलं, "सावकाश दाब आणि मी सांगेपर्यंत धरून ठेव." तिने इतकं इमानदारीत धरलं, की मी निपल बंद करून हात पुसायला गेलो तरी पाय तसाच, आणि वर, "अरे, सोडू का आता? चहा गार झाला." बुडबुडे थांबायला अर्धी बाटली डॉट 4 ब्रेक ऑइल लागलं.

आणि तरीही रिव्हर्स खरखरतच होता. इथे माझा धीर सुटला असता, पण सुदैवाने मी पट्टीने मोजत होतो. पेडल पूर्ण दाबल्यावर क्लचच्या आर्मचं (स्लेव्ह ढकलतो त्या, क्लच सोडवणाऱ्या दांडीचं) टोक जुन्या सिलेंडरवर साडेसात मिमी सरकायचं, नव्यावर साडेनऊ. म्हणजे अजून काहीतरी खात होतं. पुन्हा उलटा झालो, पेडलाची पिन काढली आणि उजेडात धरली, तर मधोमध खाच पडलेली. पेडलाचं भोक अंड्यासारखं लांबट. मास्टरचा व्यास पाऊण इंच, स्लेव्हचा त्याहून मोठा, त्यामुळे इकडे दोन मिमी खेळण्यात गेले की तिकडे दीडेक मिमी कमीच पडतात. स्लेव्हकडच्या आर्मची पिन तशीच झिजलेली होती, वर आर्मचं गोल टोक एका बाजूने चपटं. दोन पिना, नवा आर्म आणि पेडलाच्या भोकाला वेल्डिंग करून पुन्हा ड्रिल, एवढं केल्यावर साडेबारा मिमी आले. आर्म आणि त्याला अडवणाऱ्या स्टॉप बोल्टमधली फट अर्धा मिमी ठेवली. त्याच संध्याकाळी रिव्हर्स बिनआवाज पडला. तेव्हा सिलेंडर मागवताना त्या दोन पिना त्याच ऑर्डरमध्ये मागवा, दोन-चार पौंडांचा मामला आहे. हे सगळं 1982 च्या आधीच्या जुन्या पद्धतीच्या क्लचबद्दल. नंतरच्या मिनीत व्हर्टो क्लच आला, त्याची मापं आणि भाग वेगळे.

नऊ महिन्यांनंतर पेडल पहिल्या दिवसाइतकंच घट्ट आहे. जुलैच्या उन्हात, ट्रॅफिकमध्ये तासभर अडकूनही ते खोल गेलं नाही. दांड्याचं रबर कोरडं. तक्रार एकच, झाकण. त्याचं वायसर पातळ आहे आणि डबा काठोकाठ भरला तर वळणांवर ऑइल बाहेर येतं, डब्याच्या खाली रंगाला पुन्हा चट्टा पडलाय. आता पातळी बोटभर खाली ठेवतो. जुन्या डब्याचं झाकण फेकलं नव्हतं, आटे तेच आहेत. पुढच्या रविवारी ते चढवून बघणार आहे.