शौचाचा नमुना: गोठवायचा की इथेनॉलमध्ये ठेवायचा?

भाची नागपुरात आहार आणि मोठ्या आतड्याचा कॅन्सर यावर अभ्यास करते आहे. आतड्यातले जिवाणू तपासायला घेतलेले घरोघरचे नमुने लगेच गोठवावेत की ९५ टक्के इथेनॉलच्या बाटलीत ठेवावेत, इथे ती अडली.

खर्चात इथेनॉल सरळ स्वस्त. गोठवायला उणे ८० अंशांचा फ्रीझर हवा. शिवाय मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो. शहरातल्या महाल भागातून लॅबपर्यंत येईस्तोवर पेटीतल्या बर्फाचं पाणी होतं आणि नमुन्यातले जिवाणू कामाला लागून नमुना बदलतो. इथेनॉलमध्ये जिवाणूंचा डीएनए फ्रीझरबाहेरही काही आठवडे टिकतो. ७० टक्क्यांचं मात्र घेऊ नये, ते कमी पडतं.

लोकांचे कष्ट? वरणाच्या भांड्याशेजारी नमुन्याची डबी फ्रीजमध्ये ठेवायला घरची बाई राजी होत नाही, आणि तिचं बरोबरच आहे.

पण मोजायचं काय, हे आधी ठरवावं. ज्वारीच्या भाकरीतला चोथा आंबवून जिवाणू ब्युटिरेट नावाचं आम्ल बनवतात. मोठ्या आतड्याच्या अस्तराच्या पेशी मुख्यतः त्यावर जगतात. ते नेमकं मोजायचं तर थोड्याच, लॅबजवळच्या घरांतून गोठवलेले नमुने घ्यावेत. कुठले जिवाणू आहेत एवढंच बघायचं, तेही काटोल-उमरेडच्या खेड्यांतून, तर इथेनॉलच.